सोसायटीतल्या फ्लॅटसाठी ड्रम किट: ६० हजारांत काय घ्यावं?

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी. मुलगी १३ वर्षांची आहे, दीड वर्षापासून क्लासला जाते. सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक आणि पॅराडिडल मेट्रोनोमवर १०० ला स्वच्छ येतात. रॉकचे साधे बीट आणि छोटे फिल वाजवते, शाळेच्या बँडमध्येही आहे. घरी आतापर्यंत फक्त रबरी प्रॅक्टिस पॅड आहे, आता किट घ्यायचं ठरवलंय.

अडचण जागेची. चौथा मजला, खालच्या फ्लॅटमध्ये वयस्कर जोडपं राहतं. खोली १० बाय ११ फूट. बजेट ६० हजार, फार तर ६५. एका दुकानात ५ पीस अकूस्टिक किट दाखवलं. सिंबल, स्टँड, पेडल, स्टूल सगळं धरून ४२ हजार. दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं, इलेक्ट्रॉनिक घ्या, आवाजच नाही. तिच्या सरांचं मत आहे की इलेक्ट्रॉनिकवर हात बिघडतो.

तिला पुढे रॉकच वाजवायचंय, पण ग्रेडच्या परीक्षाही द्यायच्या आहेत. काय घ्यावं, आणि घेताना नेमकं काय बघावं?

ठेकेदार:

दादा, तुमच्या बाबतीत निर्णय जागेनेच करून टाकलाय. दहा बाय अकराच्या खोलीत अकूस्टिक किट मनापासून वाजवलं तर वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीला फोम चिकटवून हे अंतर भरून निघत नाही. फोम खोलीतली घुमणी कमी करतो, आवाज बाहेर जाण्यापासून अडवत नाही. मुलीच्या कानांचंही बघा: १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं धरतात. तेव्हा घरी इलेक्ट्रॉनिक, आणि आठवड्यातून एकदा-दोनदा क्लासच्या अकूस्टिकवर हात, हे गणित बरोबर बसतं.

पण "आवाजच नाही" हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं. हेडफोन लावल्यावर स्पीकरचा आवाज जातो. काठी पॅडवर पडल्याचा टकटकाट खोलीत राहतो आणि पायाचा धक्का थेट स्लॅबमध्ये उतरतो. खालच्या मंडळींना ड्रम ऐकूच येणार नाहीत, छतावर कुणीतरी टाच आपटतंय असं वाटेल. तक्रारी येतात त्या याच धक्क्याच्या. त्यावर उपाय आहे, तो कुणीतरी खाली सविस्तर लिहीलच.

आता घेताना काय बघायचं ते माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. स्वस्त संचांत दोन प्रकार येतात. एकात बीटर (पेडलला जोडलेला, ड्रमवर आपटणारा दांडा) नसतो, पायाखाली नुसती पट्टी दाबायची. यामाहाच्या डीटीएक्स ४०२ मध्ये अशी सोय आहे. आवाज अगदी कमी, शेजाऱ्यांसाठी सोन्यासारखी, पण बीटर मागे येण्याची जाणीवच नसते. टाच वर उचलून वाजवणं, बीटर हेडमध्ये रुतू न देणं, पुढे डबल पेडल, यातलं काही त्यावर घडत नाही. दुसऱ्या प्रकारात उभा किक पॅड असतो आणि त्याला खरं पेडल लागतं. रॉक वाजवायचं असेल तर दुसराच घ्या. पॅड एवढा रुंद हवा की पुढे डबल पेडलचे दोन बीटर त्यावर बसतील.

मग स्नेअर, म्हणजे गुडघ्यांमध्ये बसणारा मुख्य ड्रम. जाळीचं हेड (ठोका झेलणारा वरचा पडदा) हवं आणि शक्यतो १० इंच. ८ इंची पॅडवर हात आखडतो. रिमशॉट मारताना रिम (कडेचं कडं) आणि हेड एकदम लागायला जी जागा लागते ती मिळत नाही. पॅड दोन झोनचा हवा, म्हणजे मध्यभाग वेगळा आणि रिम वेगळी. ग्रेडच्या तुकड्यांत क्रॉस-स्टिक (काठी हेडवर आडवी टेकवून रिमवर मारणं) आणि रिमशॉट लवकरच येतात. एकाच झोनच्या पॅडवर ते शिकताच येत नाहीत. टॉम (बाजूचे छोटे ड्रम) ८ इंची असले तरी चालतं.

त्यानंतर हाय-हॅट, म्हणजे डाव्या पायाने उघडझाप करायची सिंबलची जोडी. कंट्रोलर "बंद" आणि "उघडा" या दोनच अवस्था ओळखतो की मधल्या अवस्थाही, ते दुकानात करून बघा. काठीने एकसारखे आठ वाजवत पाय हळूहळू उचलायचा. आवाज टप्प्याटप्प्याने उघडत गेला पाहिजे. एकदम बंदचा उघडा होत असेल तर रॉकमधला तो अर्धवट उघड्या हॅटचा खरखरीत आवाज तिला कधीच सापडणार नाही.

साउंड किती आहेत याकडे बघू नका. मॉड्यूलमध्ये (पॅडचे ठोके ओळखून आवाज काढणाऱ्या डब्यात) चारशे आवाज असले तरी रोज लागतात दोन किट. त्याऐवजी बघायचं ते हे: हळू मारल्यावर हळू वाजतं का (घोस्ट नोट येतात का), क्रॅश सिंबल वाजवून कडेला हाताने धरल्यावर आवाज थांबतो का, मेट्रोनोम चटकन लावता येतो का, गाणं वाजवायला ऑक्स किंवा ब्लूटूथ आहे का.

या सगळ्यात तुमच्या बजेटजवळ नवीन बसणारं नाव म्हणजे अलेसिसचं नायट्रो मॅक्स: १० इंची दोन झोनचा जाळीचा स्नेअर, ८ इंची जाळीचे टॉम, उभा किक पॅड. रोलँडचं टीडी-०७ केव्ही हाताला जास्त चांगलं आहे, मॉड्यूलही जास्त संवेदनशील, पण नवीन घेतलं तर बजेट ओलांडतं. जुनं मिळालं तर जरूर बघा.

६० हजार एकट्या किटवर घालू नका. स्टूल, कानावर पूर्ण बसणारा वायरचा हेडफोन, काठ्यांच्या दोन जोड्या आणि खालचा प्लॅटफॉर्म यांना मिळून १२ ते १५ हजार बाजूला ठेवा. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. त्यात आवाज उशिरा पोचतो, आणि वाजवणाऱ्याची लय बिघडते.

बारामात्रा:

ठेकेदारांनी सोडलेला प्लॅटफॉर्म मी घेतो. याला टेनिस बॉल रायझर म्हणतात. सुताराकडून एका दिवसात होतो.

१८ मिमी प्लायचे ८ बाय ४ फुटांचे दोन ताव घ्या, प्रत्येकातून ५ बाय ४ फुटांचा तुकडा काढा. उरलेल्यातून शेल्फ होईल. खालच्या तुकड्याला ५ सेंमी व्यासाची आरपार भोकं पाडायची. टेनिसचा चेंडू साडेसहा सेंमीपेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे तो भोकात सेंटिमीटरभर उतरून अडकतो आणि जमिनीला टेकत नाही. हे महत्त्वाचं आहे. भोक मोठं पाडलं की चेंडू फरशीवर टेकतो आणि सगळा उद्योग वाया जातो.

चेंडू किती? किट साधारण २५ किलो, मुलगी ४५, वरची प्लाय २० च्या आसपास, म्हणजे ९० किलो धरा. एका चेंडूवर साडेतीन-चार किलो आले की तो थोडा दबतो आणि धक्का गिळतो. म्हणून २४ ते २६. पन्नास चेंडू घातले तर वरचा भाग टणक होतो, धक्का पुन्हा खाली जातो. दहाच घातले तर वर बसल्यावर होडीत बसल्यासारखं डोलतं. सगळीकडे सारख्या अंतरावरही मांडू नका. स्टूल आणि किक पॅडखाली दाट, कोपऱ्यांत एकेक, बाकी विरळ. सगळे चेंडू एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी घेतलेले हवेत. काही नवे, काही मैदानावरचे मऊ झालेले असे मिसळले की वरची प्लाय तिरकी बसते.

वरच्या प्लायला खालच्या बाजूने जुन्या गालिच्याचा तुकडा डकवा, चेंडूंवरून सरकणार नाही. वरून पातळ कार्पेट टाका, म्हणजे किकचे आणि हाय-हॅटचे काटे त्यात रुततील.

तीन चुका हमखास होतात. स्टूल रायझरच्या बाहेर ठेवणं: मग पायाचा जोर स्टूलच्या पायांतून फरशीत जातो. रायझर भिंतीला टेकवणं: चारही बाजूंनी दोन-तीन बोटं जागा सोडा. आणि रायझरऐवजी नुसती जिमची रबरी मॅट टाकून भागवणं. त्याने टकटक मंद होते, धक्का जवळजवळ तसाच राहतो. लावून झालं की मुलीला किक वाजवायला सांगून तुम्ही स्वतः खाली त्या काका-काकूंच्या घरात जाऊन ऐका. वेळही त्यांनाच विचारून ठरवा. दुपारी एक ते चार सोडून संध्याकाळचा एक तास मिळाला तर कोणत्याही मॅटपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तांबेकथिल:

जागेचा मुद्दा मान्य. तरी त्या ४२ हजारांच्या किटबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर नसेल. वाडा, बंगला, गावाकडचं घर असेल त्याने अकूस्टिकच घ्यावं.

"सगळं धरून" मिळणाऱ्या संचात पैसे कुठे वाचवलेले असतात? सिंबलमध्ये. ते पितळेचे असतात, तांबं आणि जस्त. पितळेचा क्रॅश ताटलीसारखा वाजतो आणि लवकर विझतो. खरा सिंबल कांशाचा, तांबं आणि कथिल. बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथिल: आवाज धारदार, रॉकला चालतो. बी२० म्हणजे ८०-२०: आवाजात जास्त थर असतात, किंमतही तशीच. शेल (ड्रमचा लाकडी सांगाडा) सुधारता येतं. हेड बदललं, नीट सुरात लावलं की पॉपलर लाकडाचा स्वस्त टॉमही छान बोलतो. पितळेच्या सिंबलला मात्र कोणताच उपाय नाही. म्हणून अकूस्टिक घेणाऱ्याने ६० हजारांतले निम्मे ड्रमवर आणि निम्मे सिंबल, पेडल, स्टूलवर घालावेत. नव्याने जमत नसेल तर ड्रम जुने घ्यावेत, सिंबल मोजून दोनच घ्यावेत, पण कांशाचे: १४ इंची हाय-हॅट आणि २० इंची राइड. १६ किंवा १८ चा क्रॅश नंतर.

शैलीप्रमाणे मापं बदलतात, तेही थोडक्यात. रॉक आणि मेटलला २२ इंची किक, १२-१३ चे टॉम, १६ चा फ्लोअर टॉम. पॉप, फंक, चर्च, फिल्मी गाणी यांना २० किंवा २२ ची किक आणि १०, १२, १४ चे टॉम. १३ वर्षांच्या मुलांना हीच मापं हाताला येतात, कारण लहान किकवर टॉम खाली बसतात आणि खांदा उचलावा लागत नाही. जाझला १८ ची किक, १२ आणि १४. ग्रेचचं कॅटलिना क्लब याच मापाचं. लाकडात पॉपलर प्राथमिक. बर्चचा ठोका नेमका आणि आटोपशीर, माइकसमोर छान. मेपल जास्त गोल. यामाहाचं स्टेज कस्टम बर्च हे मॉडेल पूर्ण बर्चचं असतं आणि जुन्या बाजारात खूप फिरतं. चांगल्या अवस्थेतलं सापडलं तर डोळे झाकून नको, पण डोळे उघडे ठेवून जरूर घ्या.

सरांच्या "हात बिघडतो" या म्हणण्यात तथ्य आहे. जाळीवर काठी खऱ्या स्नेअरपेक्षा जास्त उसळते, त्यामुळे डबल स्ट्रोक आपोआप पडतात आणि मनगट-बोटांचं काम होतच नाही. शिवाय मॉड्यूलची संवेदनशीलता वाढवून ठेवली की हलका ठोकाही दणदणीत वाजतो आणि जोराचा अंदाज जातो. उपाय: जाळी सैल ठेवू नका, चांगली ताणा, संवेदनशीलता इतकीच ठेवा की पूर्ण आवाज फक्त खऱ्या जोराच्या ठोक्याला यावा, आणि रुडिमेंट (हातांचे मूळ सराव) त्या रबरी पॅडवरच चालू ठेवा. पॅड माळ्यावर टाकू नका.

मडगावचो_पेलेर:

गोव्यातून लिहितोय. तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) बँडला, लग्नाला, चर्चमधल्या कार्यक्रमाला किट रोज गाडीत घालावं लागतं, तेव्हा इकडे छोट्या मापांना मान आहे. लुडविगचं ब्रेकबीट्स १६ इंची किकचं, तामाचं क्लब-जॅम १८ चं. शेल लहान असलं तरी एका हॉलला पुरतं, मोठ्या जागेत माइक लागतोच. त्यात किकचं हेड कसं निवडता यावर सगळं आहे. एवढ्या लहान किकमध्ये उशी कोंबली तर पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. कडेला रिंग असलेलं हेड लावा, आत काही घालू नका.

अकूस्टिक घेणाऱ्या किनारपट्टीच्या लोकांसाठी: जूनपासून सप्टेंबरपर्यंत टेन्शन रॉड (हेड ताणणारे स्क्रू) गंजतात आणि लगमध्ये (शेलवरच्या त्यांच्या खोबणीत) जाम होतात. मग ड्रम की जोराने फिरवली की लगचा आटा जातो. मे महिन्यात प्रत्येक रॉड काढून आट्याला व्हॅसलिनचं बोट फिरवा. सिंबल कापडी पिशवीत ठेवू नका. ती ओल धरते आणि सिंबलवर हिरवे डाग पडतात.

आणि एक आवाजाबद्दल. अकूस्टिकला जाळीची हेड आणि भोकांचे सिंबल लावून घरात वाजवता येतं, बरेच जण करतात. आवाज खूपच खाली येतो आणि हाताखाली खरे ड्रम राहतात. पण तुमचं ते ५ पीस किट खोलीची निम्मी जागा खाईल, हेड आणि सिंबलचा खर्च वेगळा, आणि किकचा धक्का आहे तिथेच. चौथ्या मजल्यावर मी सुचवणार नाही.

ऑर्केस्ट्रा_सोलापूर:

छोटीशी भर. मुलीला पुढे मराठी-हिंदी ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर तिथे ऑक्टोपॅड येणं जवळजवळ सक्तीचं आहे, कारण ढोलकी, ढोलक, तबला, टाळ्या हे सगळं एकाच आठ पॅडच्या फळीवर वाजवलं जातं. मात्र ऑक्टोपॅड हा किटला पर्याय नव्हे. त्यावर हाय-हॅटचा पाय आणि किकचा पाय जोडता येतात, तरी टॉमपासून राइडपर्यंत हात नेण्याचा, अंग वळवण्याचा सराव होत नाही. किट आधी, ऑक्टोपॅड नंतर. उलट क्रमाने शिकलेल्यांचा डावा पाय वर्षानुवर्षं झोपलेला असतो.

सिंहगडरोडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. इलेक्ट्रॉनिक पक्कं, रायझरही करतोय. आमचा सुतार उद्या मापं घ्यायला येतोय. जाहिरातीत एक जुनं टीडी-०७ केव्ही ५८ हजारांना दिसतंय, दोन वर्षं वापरलेलं. नवं नायट्रो मॅक्स घ्यावं की हे? जुनं बघायला गेलो तर काय तपासू? आणि स्टूल किती उंच ठेवायचं?

ठेकेदार:

तपासणीत पास झालं आणि भाव थोडा खाली आला तर जुनं घ्या. ५८ देऊन स्टूल, हेडफोन आणि रायझर बजेटमध्ये बसत नाहीत. ५० च्या आत आलं तर बसतात. तपासणीत एकही मोठी खोट निघाली तर नवं आणि वॉरंटी.

जाताना मुलीला आणि तिच्या काठ्या बरोबर न्या. स्वतःचा वायरचा हेडफोनही न्या, मोठ्या जॅकच्या अडॅप्टरसकट.

प्रत्येक पॅडवर मध्यापासून कडेपर्यंत सारख्या जोराने मारत जा. एका जागी आवाज एकदम वाढला किंवा गायब झाला तर आतला सेन्सर किंवा त्याखालचा फोमचा शंकू दबलाय. शंकू बदलता येतो, पण ते भावातून कापून घ्या. मग स्नेअरची रिम, क्रॅशची कड आणि राइडची घुमटी वेगवेगळी वाजतात का बघा. एका टॉमवर जोराने मारताना शेजारचा आपोआप वाजत असेल तर तो दोष नाही. रॅकचे क्लॅम्प ढिले आहेत किंवा सेटिंग चुकलंय, दोन्ही दुरुस्त होतं. हाय-हॅटची हळू पाय उचलण्याची परीक्षा वर दिलीच आहे. ती इथे नक्की घ्या, जुन्या किटमध्ये हा कंट्रोलर सगळ्यात आधी झिजतो.

वाजवत असताना केबल एकेक करून जॅकपाशी हलवा. आवाज तुटला तर केबल किंवा सॉकेट गेलंय. नुसती केबल असेल तर स्वस्तात निभावतं. मॉड्यूलचं सॉकेट हलत असेल तर सौदा सोडा. जाळी उन्हाकडे धरून मध्यभागी धागे विसविशीत झालेत का बघा. मॉड्यूल अर्धा तास चालू ठेवा.

अडॅप्टर मूळचाच मागा. रोलँडच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, घरातल्या इतर बऱ्याच उपकरणांत धन. बसतोय म्हणून दुसरा लावला तर मॉड्यूलला धोका. व्होल्टेज, अँपिअर आणि पोलॅरिटीचं चिन्ह मॉड्यूलच्या तळाशी छापलेलं असतं, ते अडॅप्टरशी जुळवून बघा. किकचं पेडल बहुधा वेगळं विकलेलं असतं, तेव्हा आधीच विचारा. असेल तर पायपट्टी हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. खडखड हलत असेल तर बिजागर झिजलंय, नवं पेडल धरून हिशेब करा.

स्टूलची उंची: बसल्यावर मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या असाव्यात, म्हणजे गुडघ्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त. फार खाली बसलं की मांडी उचलून किक मारावी लागते आणि कंबर दुखते. आधी स्टूल आणि दोन्ही पाय ठरवा, मग स्नेअर नाभीच्या जरा खाली, मग टॉम. रॅक आधी लावून त्यात मुलीला बसवायला जाल तर सगळं पुन्हा सोडावं लागेल. तिची उंची वाढतेय, त्यामुळे दर सहा महिन्यांनी हे मोजा. क्लॅम्पच्या जागांवर पांढऱ्या टेपने खुणा करून ठेवा, साफसफाईसाठी किट सोडलं तरी दहा मिनिटांत परत उभं राहतं.